छापील पुस्तकाहून महाग ई-पुस्तक, आणि अक्षर मोठं होत नाही

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,

तुमच्या कस्टमर केअरचा फोन आत्ताच ठेवला, म्हणून हे लेखी कळवते आहे.

आईसाठी तुमच्या ॲपवरून एका मराठी कादंबरीचं ई-पुस्तक घेतलं. करासकट ३७८ रुपये. छापील प्रत ४०० ची, अप्पा बळवंत चौकात २० टक्के सवलतीने ३२० ला मिळते. कागद नाही, छपाई नाही, बांधणी नाही, तरी ५८ रुपये जास्त. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-पुस्तकावर आहे, हे ठाऊक आहे. पण बिलावर कराचे १८ च रुपये आहेत. बाकीचे ४० कशाचे?

तरी घेतलं, कारण आईला बारीक टाइप वाचवत नाही, आणि ई-पुस्तकात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. तुमच्या पुस्तकात येत नाही. तुम्ही छापील पानं स्कॅन करून चढवली आहेत. पान मोठं केलं की ओळीचा शेवट स्क्रीनबाहेर जातो. दर ओळीला पान सरकवत कादंबरी कोण वाचणार?

हे तुमच्या प्रतिनिधीला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, फाइल ओपन होतेय ना?" होतेय. "मग आमच्याकडून काही इश्यू नाहीये." म्हटलं, अहो, आईला वाचता येत नाहीये. तर म्हणाला, "त्यांचा चष्मा चेक करून घ्या." माझ्या आईचा चष्मा! मग होल्डवर ठेवलं आणि परत येऊन सांगितलं, पुस्तक एकदा उघडलं की रिफंड नाही. न उघडता ते स्कॅन आहे हे कळणार कसं? नमुना पानं तुम्ही दिलीच नव्हती.

छापील प्रत वाचून बहिणीला दिली असती, वाचनालयाला दिली असती. तुमची कुणाला देता येत नाही, विकता येत नाही. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा वाचकांची पुस्तकं गेली, पण पैसे तरी परत मिळाले. तुम्ही तेही देत नाही, आणि वर छापीलपेक्षा ५८ रुपये जास्त घेता.

माझे ३७८ रुपये परत करा. स्कॅन केलेल्या प्रत्येक पुस्तकावर, खरेदीच्या बटणाशेजारी, 'अक्षरं मोठी होणार नाहीत' असं ठळक लिहा. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण व्हायला हवं. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

भिशीतल्या मैत्रिणींना तुमचं ॲप मीच सुचवलं होतं. त्यांना आता काय सांगायचं, ते तुमच्या उत्तरावर ठरेल.

एक ग्राहक, पुणे