अमोलच्या लग्नाची यादी आणि कस्टमचा हिशेब

दुबई,
27 सप्टेंबर 2025

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

घट बसले असतील, आईचे उपवास चालू असतील. रोज नुसत्या चहावर दुपार काढू नकोस एवढंच सांगते, ऐकणार नाहीस हे माहीत आहे. आम्ही तिघं बरे आहोत. नीलची परीक्षा चालू आहे आणि संदीपची कुरकुर चालू आहे, म्हणजे सगळं नेहमीसारखं.

अमोलच्या लग्नासाठी डिसेंबरात येताना काय काय आणायचं ती यादी ग्रुपवर वाचली. फोनवर बोलले तर मध्येच कुणाचा तरी आवाज चढतो आणि आकडे तसेच राहतात, म्हणून पत्र. बाबा, जेवणं झाली की सगळ्यांना बसवून वाचून दाखवा. भाऊकाकांना मुद्दाम बोलवा, कारण यादीतल्या निम्म्या कल्पना त्यांच्याच दिसतात.

आधी मूळ नियम, आज, सप्टेंबर 2025 मध्ये, लागू असलेला. परदेशातून येणाऱ्या आपल्या माणसाला 50,000 रुपयांपर्यंतचं नवं सामान ड्युटीशिवाय आणता येतं. वापरातले कपडे वगैरे यात धरत नाहीत, आणि 18 वर्षांवरच्या प्रत्येकाला एक लॅपटॉप वेगळा चालतो. 50,000च्या वर जेवढी रक्कम जाईल तेवढ्यावर 35 टक्के ड्युटी आणि त्या ड्युटीवर 10 टक्के अधिभार, म्हणजे एकूण साडेअडतीस टक्के. शंभराच्या वस्तूला साडेअडतीस रुपये, हे डोक्यात पक्कं ठेवा, म्हणजे पुढचं आपोआप समजेल.

आता अमोलचा फोन. नवा आयफोन 17 प्रो इथे 4,699 दिरहमला आहे. दिरहम 24 रुपये धरला तर 1,12,776 रुपये. भारतात तोच 1,34,900. एवढंच बघून त्यानं मला तीन हसरे चेहरे पाठवले. आता पुढचं बघ राजा. 1,12,776 मधून ड्युटी माफ असलेले 50,000 वजा केले की उरले 62,776. त्यावर साडेअडतीस टक्के म्हणजे 24,169. फोन पडला 1,36,945 रुपयांना, म्हणजे सांगलीतल्या दुकानापेक्षा दोन हजारांनी महाग. वर माझी अख्खी सूट त्यात संपली ती वेगळीच. मी इथली रहिवासी, त्यामुळे पर्यटकांना विमानतळावर 5 टक्के व्हॅटपैकी बराचसा परत मिळतो तोही मला नाही. तेव्हा फोन तू तिथेच घे, कार्डावर काही सवलत मिळाली तर तीही पदरात पडेल.

टीव्हीचं तर नावच काढू नका. सपाट पडद्याच्या टीव्हीला 2013 पासून ही सूट लागूच नाही, पहिल्या रुपयापासून ड्युटी. 3,500 दिरहमचा टीव्ही आणला तर 84,000 वर 32,340 रुपये भरायचे, शिवाय तो खोका मुंबईहून सांगलीपर्यंत गाडीच्या टपावर बांधून न्यायचा. आणि याच सोमवारी, 22 तारखेला, मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. दिवाळीच्या तोंडावर दुकानदार स्वतःहून घरपोच आणून लावून देतील.

ताईचं, संदीपचं आणि नीलचं मिळून दीड लाख होतात की, असं अमोलनं लिहिलंय. होत नाहीत. सूट ज्याची त्याला, एकत्र करता येत नाही. सव्वा लाखाची एक वस्तू तिघांत वाटून दाखवता येत नाही. वेगवेगळ्या वस्तू वेगवेगळ्या माणसांच्या नावावर, एवढंच चालतं. आणि नीलच्या नावावर घड्याळ दाखवायला मी जाणार नाही. विचारलं तर तो सगळं खरं सांगून मोकळा होईल, तुम्ही त्याला ओळखता.

आता सोन्याकडे येते, कारण आईचा जीव त्यातच अडकलाय. नव्या सुनेला चार तोळ्यांच्या पाटल्या दुबईच्याच हव्यात म्हणे. आई, नियमात लिहिलेलं वाचलं तर तुझंच बरोबर वाटेल: वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्या बाईला 40 ग्रॅमपर्यंतचे दागिने माफ, पुरुषाला 20 ग्रॅम. पण त्याच ओळीत पुढे किमतीची मर्यादा आहे, बाईला 1 लाख आणि पुरुषाला 50,000 रुपये. हे नियम 2016 चे. तेव्हा सोनं 10 ग्रॅमला 30 हजारांच्या आत-बाहेर होतं, त्यामुळे लाखात तीनेक तोळे बसायचे. आज 10 ग्रॅमचाच भाव लाखाच्या वर गेलाय. म्हणजे कागदावर 40 ग्रॅम आणि हातात तोळाभरसुद्धा नाही! संदीपच्या वाट्याला तर पाच ग्रॅमही येत नाहीत, एक बारीक अंगठी फार तर. भाव चौपट झाला तरी मर्यादा तिथल्या तिथे, याला काय म्हणावं. हे बदलायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. पण बदलेपर्यंत लागू तेच आहे.

मर्यादेच्या वरचं सोनं आणताच येत नाही असं नाही. किमान सहा महिने बाहेर राहिलेल्या भारतीयाला 1 किलोपर्यंत सवलतीच्या दरानं आणता येतं, ड्युटी मात्र परकीय चलनात भरायची. खडे-मोती जडवलेला दागिना त्या सवलतीत येत नाही, म्हणजे तुझी ती पाचूची चिंचपेटी बाद. आणि मुळात इथून आणण्यात आता पूर्वीसारखा फायदा उरलेला नाही. गेल्या वर्षी जुलैच्या अर्थसंकल्पात सोन्यावरची आयात ड्युटी 15 वरून 6 टक्क्यांवर आणली, तेव्हापासून इथल्या आणि तिथल्या भावातली दरी बरीच बुजली. इथे घडणावळ काही फुकट नसते. शिवाय 2023 च्या एप्रिलपासून आपल्याकडे सहा अक्षरी क्रमांकाच्या हॉलमार्कशिवाय दागिना विकता येत नाही. इथल्या पाटल्यांवर तो क्रमांक नसणार. उद्या मोडायची किंवा बदलून घ्यायची वेळ आली की आपलाच सराफ भिंगातून बघत नाक मुरडेल. दसरा गुरुवारी आहे. त्याच्याकडेच जाऊन सून आणि तिची आई यांच्या समोर पाटल्या पसंत करा, पैसे मी पाठवते. मापही बरोबर येईल.

भाऊकाका, तुमच्या दोन सूचनांचं उत्तर देते, रागावू नका. पोस्टानं भेट म्हणून पाठव, ही पहिली. पाच हजारांपर्यंतच्या भेटीला पूर्वी ड्युटी नसायची, ती सोय डिसेंबर 2019 मध्ये बंद झाली. राखी आणि जीव वाचवणारी औषधं तेवढी चालतात. दुसरी सूचना विमानतळावरच्या तुमच्या ओळखीच्या माणसाची. त्यांना माझा नमस्कार सांगा, पण त्यांना या भानगडीत पाडू नका. तुमच्या दोन बाटल्या मी आणते. माणशी 2 लिटरपर्यंत परवानगी आहे, मात्र त्यांची किंमतही त्या 50,000 मध्येच मोजतात. त्यापुढे एक थेंबही मागू नका, दारूवरची ड्युटी ऐकून चढलेली उतरेल.

गुपचूप ग्रीन चॅनलमधून निघून ये, सगळे तसंच करतात, हेही कुणीतरी लिहिलंय. नाव घेत नाही. ग्रीन चॅनलमधून जाणं म्हणजेच माझ्याकडे ड्युटी लागण्यासारखं काही नाही असं सांगणं. मग सापडलं तर वस्तू जप्त, सोडवायला दंड, वर ड्युटी आहेच. मागच्या खेपेला मी मुंबईत रेड चॅनलला ब्रेसलेटची ड्युटी भरायला उभी होते. शेजारच्या टेबलाशी एका गृहस्थांना ग्रीनमधून परत आणलं होतं. मनगटावर भलं मोठं घड्याळ. जुनंच आहे, रोज वापरतो, असं ते ठासून सांगत होते. अधिकारी बाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी घड्याळ काढायला लावलं, उलटं केलं आणि मागच्या झाकणावरचा पातळ प्लास्टिकचा पापुद्रा नखानं हळूच उचलून दाखवला. पट्ट्याच्या भोकांपैकी एकालाही घडी पडलेली नव्हती. मग बायकोच्या बॅगेतून खोका निघाला, खोक्यात बिल निघालं. त्यांची सासुरवाडी बाहेर हार घेऊन उभी होती म्हणे. माझं काम तोवर आटोपलंही: बिल दाखवलं, त्यांनी ठरलेल्या विनिमय दरानं रुपये केले, सूट वजा केली, कार्डानं पैसे भरले, पावती घेतली. त्या गृहस्थांचं काय झालं ते बघायला थांबले नाही.

बिल नसेल तर किंमत अधिकारी स्वतः ठरवतात, आणि ती आपल्या सोयीची निघेल असं धरून चालू नये. म्हणून प्रत्येक वस्तूचं छापील बिल मी हातातल्या पिशवीत ठेवणार आहे. 'अतिथी' नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात निघण्याआधीच सामान जाहीर करता येतं, तेही करीन. आणि समजा जाहीर केलेल्या वस्तूची ड्युटी परवडली नाही, तर ती तिथे कस्टमच्या ताब्यात पावतीवर ठेवून परतीच्या प्रवासात घेऊन जाण्याचीही सोय आहे. फार कमी लोकांना ठाऊक असतं हे.

तर यादीतलं मी काय आणणार? खजूर, केशर, सुकामेवा, काकांच्या बाटल्या, आईला साड्यांवर घालायची शाल, वहिनी होणाऱ्या मुलीला अत्तर. हे संदीपच्या 50,000 मध्ये आरामात बसतं. आणि माझ्या बाजूला एकच वस्तू: अमोलला घड्याळ. घेऊन ठेवलंय. 3,200 दिरहमचं, म्हणजे 76,800 रुपये. वरच्या 26,800 वर 10,318 रुपये ड्युटी, ती मी भरणार.

आई, आता तू म्हणशील दहा हजार पाण्यात घातले. भारतात येणाऱ्या स्विस घड्याळांवरची ड्युटी पुढच्या बुधवारपासून स्वित्झर्लंड वगैरे देशांशी झालेल्या नव्या व्यापार करारामुळे टप्प्याटप्प्यानं उतरणार आहे, थोडं थांबायचं होतंस, असं संदीपही म्हणाला. पण हे घड्याळ जपानी आहे आणि लग्न डिसेंबरात आहे. दुसरं म्हणजे, इथे माझ्या पगारावर एक पैसा आयकर नाही. बाबांच्या मास्तरकीच्या पगारातून दर महिन्याला कापला जायचा. त्याबद्दल बाबा कुरकुर करायचे पण फॉर्म 16 मिळाला की जपून फायलीला लावायचे. साडेअडतीस टक्के हा दर मला जास्तच वाटतो आणि तसं मी चारचौघांत बोलते. पण बोलून झालं की भरून टाकते. भावाच्या लग्नातल्या घड्याळाकडे बघताना ते कसं सोडवून आणलं हे आठवून कानकोंडं व्हायला मला जमणार नाही.

अमोल, डबी मात्र मी फोडणार नाही. ती तू हळदीच्या दिवशी फोड. काय मॉडेल आहे ते विचारायला रात्री अकराला फोन करू नकोस.

आता बाबांसाठी एक काम. लग्नात घालायला माझे सांगलीहूनच आणलेले जुने दागिने मी परत आणणार आहे: तोडे आणि तन्मणी. इकडे येताना मुंबईला कस्टमकडून त्यांचं निर्यात प्रमाणपत्र घेतलं होतं. त्यात वर्णन आणि वजन असतं, ते दाखवलं की परत आणताना हे इथे घेतलेत का असा प्रश्न उरत नाही. प्रमाणपत्र माझ्याकडे आहे, पण सराफाची मूळ बिलं तुमच्याकडे राहिली. वापरातले अंगावरचे दागिने अडवल्याच्या तक्रारी यंदा दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेल्या, न्यायालयानं बऱ्याच जणांना ते परतही मिळवून दिले. पण मला लग्नाच्या आठवड्यात वकील शोधायचा नाही. लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात एलआयसीच्या फायलीखाली तपकिरी पाकीट आहे, त्यात बघा. नसेल तर आईच्या शिवणाच्या डब्यात. दोन्ही बिलांचा नीट, सपाट, बोट न येता फोटो काढून पाठवा, अमोलला सांगा काढायला. मूळ कागद मला द्यायचे नाहीत, तिथेच असू देत.

आणि दसऱ्याला पाटल्यांचं ठरलं की वजन आणि घडणावळ कळवा, मी त्याच दिवशी पैसे पाठवते.

तुमची,
मनीषा