पर्समधली गोळी आणि दाराजवळची सीट

महोदय,

बसच्या गर्दीत छाती धडधडते, श्वास अडकतो, म्हणून एकट्याने बेळगावला येणेच सोडलेली माणसे आपल्या भागात गावोगावी आहेत. घरचे मायेने म्हणतात, 'एकटी जाऊ नको, मी येतो सोबत.' प्रवास होतो, भीती मात्र तशीच राहते. सोबत, दाराजवळची सीट, पाण्याची बाटली, पर्समधली कधीच न घेतलेली गोळी यांच्या जोरावर पोचले की मन श्रेय त्यांनाच देते. मग एखाद्या दिवशी बाटली विसरली तरी घाम फुटतो.

यावरचा उपाय पायरीपायरीचा आहे. आधी डॉक्टरांकडून हृदय, थायरॉईड, रक्तक्षय तपासून घ्यावेत. मग 0 ते 100 गुण देऊन भीतीची यादी करावी. उदाहरणार्थ, स्टँडवर नुसते थांबणे 30, बसने उद्यमबागपर्यंत 45, मच्छेपर्यंत 60, खानापूरपर्यंत मधल्या सीटवर 80. सुरुवात 30-40 पासून. निघताना वहीत लिहावे, 'मच्छे यायच्या आत चक्कर येऊन पडणार.' उतरल्यावर प्रत्यक्षात काय झाले, ते त्याखाली लिहावे. खरे काम ही दुसरी ओळ करते. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना बसचे शून्य तिकीट असल्याने सराव फुकट, आणि गर्दीही सरकारनेच पुरवलेली!

घोटाळा होतो तो बहुतेक मच्छेच्या अलीकडे, पिरनवाडीला. घबराट साधारण 10 मिनिटांत शिगेला पोचते आणि आपोआप ओसरू लागते. नेमके शिगेला असताना उतरले, तर 'उतरले म्हणून वाचले' हेच मनात पक्के होते. आठवड्यातून एकदा जाऊनही भागत नाही. चार-पाच दिवस तरी जावे. वाटेत मोबाईलमध्ये डोके घालणे, नाडी मोजत बसणे टाळावे. नामस्मरण श्रद्धेने जरूर करावे, पण भीती दाबण्यासाठी केले तर तीही बाटलीच.

सोबतही हळूहळू सोडावी: आधी सोबत येणाऱ्याने मागच्या सीटवर बसावे, मग पुढच्या बसने यावे, शेवटी घरीच थांबावे. रोजची औषधे मात्र मनाने बंद करू नयेत. पर्समधल्या गोळीचेही डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. त्रास जास्त असेल तर धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था आहे, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो.

आणि घरच्यांनी दर स्टॉपला 'पोचलीस काय?' म्हणून फोन करू नये.

– एक समुपदेशक, टिळकवाडी, बेळगाव