जामीन राहण्याआधी

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा एवढंच म्हणाले की धाकट्या मालकांना बँकेच्या कागदावर सही हवीय, नुसती फॉर्मॅलिटी आहे. लगेच विषय पावसावर गेला. आई, तू मागून "सांगा की तिला सगळं" म्हणालीस ते मला ऐकू आलं. फोनवर आपला वादच होतो, म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि मग काय चिडायचं ते चिडा.

थोरल्या मालकांचे उपकार मला ठाऊक आहेत. सोटी लॉ कॉलेजच्या फीसाठी त्यांनी तुम्हाला पगारावर उचल दिली, ती हळूहळू कापून घेतली आणि व्याजाचं नावही काढलं नाही. 2005 च्या पुरात हरिपूरच्या पेवांत, हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांत, पाणी शिरलं, हळद गेली, तेव्हाही त्यांनी दुकानातला एक माणूस कमी केला नाही. त्यांच्या मुलाला नाही म्हणणं तुम्हाला किती जड जाईल, हे मला कुणी सांगायला नको. तरीही सही करू नका असंच मी म्हणणार आहे. कारण सांगते. ही सही म्हणजे त्यांच्या कर्जाला जामीन राहणं.

कर्जदार जेवढं देणं लागतो तेवढंच जामीनदारही लागतो. 1872 च्या करार कायद्याचं 128 कलम एवढंच आहे. आपल्याकडे समज असा, की बँक आधी कर्जदाराच्या मागे लागेल, त्याचं सगळं विकून काही उरलंच तर जामीनदाराकडे येईल. तसं नाही. बँक ऑफ बिहारच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 1968 मध्येच सांगितलं, की बँकेला आधी कर्जदाराला गाठण्याची सक्ती करता येत नाही. ज्याच्याकडून लवकर वसूल होईल त्याला ती गाठते. धाकट्या मालकांचं दुकान भाड्याचं, माल आधीच तारण. तुमचं विश्रामबागचं घर मात्र तुमच्या नावावर, बोजाविना, आणि मुदत ठेवही त्याच बँकेत. मी वसुली अधिकारी असते तर पहिलं पत्र कुणाला पाठवलं असतं?

हे विचारायचा मला अधिकार आहे, कारण ती पत्रं मीच लिहिते. आई, तू नेहमी विचारतेस की मी कोर्टात नक्की करते काय. सांगलीत अजूनही कुणी भेटलं, की घटस्फोटाच्या केसेस घेतेस का, असं विचारतं. बाई वकील म्हटल्यावर लोकांना पोटगीच आठवते. सुजाता मनोहर यांनी 1958 मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली, ती मुख्यतः व्यापारी खटल्यांचीच. पुढे 1978 मध्ये त्या त्याच कोर्टातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या. म्हणजे या कामात मी काही पहिली नाही. माझं काम असतं करार, थकलेली बिलं आणि भागीदारांची भांडणं. गेली काही वर्षं त्यात सर्वात जास्त कर्जवसुली, आणि तीही बहुधा बँकेच्या बाजूने.

सुरुवातीला फोर्टातल्या चेंबरमध्ये पानांना नंबर घालणं आणि तारखा घेणं एवढंच माझ्याकडे होतं. इंग्रजी बोलताना घसा सुकायचा. माझ्याकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते एका फौंड्रीच्या प्रकरणात. मालाचे पैसे थकले होते आणि समोरचे म्हणत होते की तीन वर्षं उलटली, दावा मुदतबाह्य. सगळे कायद्याची पुस्तकं चाळत होते. मी खतावणी मागितली. तिच्यात खातेउताऱ्याची एक प्रत निघाली, समोरच्याच्या हिशेबनिसाची सही आणि 'बाकी बरोबर' असा शेरा असलेली, मुदत संपण्याच्या आत घेतलेली. लिमिटेशन कायद्याच्या 18 व्या कलमाखाली अशा सहीच्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. दावा वाचला. सीनियरनी विचारलं, तुला हे सुचलं कसं? बाबा, दिवाळीआधी तुम्ही पोऱ्याला मार्केट यार्डात घरोघर पाठवून बाकीवर सह्या आणवत होता, त्यातून सुचलं. कलम मला नंतर कळलं, रीत आधीच माहीत होती. सहीशिवाय बाकी धरू नये, हे तुमचंच वाक्य. मग आज स्वतःच्या सहीला फॉर्मॅलिटी कसं म्हणता?

खरं बोलायचं तर एक गोष्ट तुम्हा दोघांना मी कधी सांगितली नाही. माझ्या फाइलींतले जामीनदार म्हणजे कुणी मोठे उद्योगपती नसतात. निवृत्त मास्तर, मेहुणा, शेजारी, जुना दिवाणजी असे असतात. नोटीस गेली की ते फोन करतात आणि सगळे एकच म्हणतात: मॅडम, मी एक पैसा घेतला नाही. ते खरंच असतं, आणि कायद्याच्या नजरेत त्याला काही अर्थ नसतो. बँकेनेही काय करावं? जामीनदार नसता तर छोट्या आडत्याला कर्ज मिळालंच नसतं, आणि तिच्याकडे ठेवलेले पैसेही तुमच्यासारख्यांचेच आहेत. म्हणून मला या कामाची लाज वाटत नाही. पण त्या फोननंतर जेवण जात नाही, हेही खरं.

आता तुमच्या कागदाबद्दल. कॅश क्रेडिट असणार, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत लागेल तसं काढायचं आणि भरायचं फिरतं कर्ज. त्यामुळे जामीनकीही चालू स्वरूपाची, आज एका रकमेला दिलेली आणि मर्यादा वाढली की पुढच्या रकमेलाही लागू होईल अशी. कायदा म्हणतो की तुमच्या संमतीशिवाय अटी बदलल्या तर बदलानंतरच्या व्यवहारांतून तुम्ही मोकळे. पण छापील फॉर्मात ही संमती आधीच घेऊन ठेवलेली असते, बारीक टायपात, चौथ्या-पाचव्या पानावर. घर तारण दिलंत तर 2002 चा सरफेसी कायदा लागतो. 60 दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर दिवाणी दावा न लावता ताबा. सहकारी बँकेला हे लागू नाही असं तुम्हाला कुणी कट्ट्यावर सांगेल. ऐकू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणातच सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 5 मे 2020 ला निकाल दिलाय, की लागू आहे. शिवाय सहकार कायद्याच्या 101 कलमाचा, दिवाणी दाव्याशिवाय वसुली करू देणारा दाखला असतोच. यार्डात त्याची धास्ती किती आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

मदत करायचीच असेल तर वाट आहे. गेले तरी चालतील एवढे पैसे हातउसने द्या आणि विसरून जा. किंवा रकमेची मर्यादा घातलेली जामीनकी, घर तारण न देता, पण तीही मसुदा मी वाचल्यावर. धाकट्या मालकांचे कर्जाचे कागद मी फुकट तपासून देईन. व्याजदर कुठे कमी करून घेता येईल, वसुलीच्या कुठल्या बाक्या अजून मुदतीत आहेत, तेही बघेन. थोरल्या मालकांची परतफेड मला अशी करायची आहे, तुमच्या छपरावर नाही.

आणि बाबा, दादाने "तू बाईमाणूस, घरच्या व्यवहारात कशाला पडतेस" म्हटलं तर त्याला हे पत्र वाचायला द्या. इथे लोक याच सल्ल्याचे पैसे मोजतात.

18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय. सांगली, साताऱ्याची प्रकरणं आता तिथे चालतात. पुढच्या महिन्यात माझं एक मॅटर तिथे आहे, त्यामुळे मुक्काम घरीच करीन. तोवर मंजुरीपत्र, जामीनपत्राचा कोरा नमुना आणि मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद मागवून ठेवा. विचारलं तर सांगा, लेक वकील आहे, तिने वाचल्याशिवाय सही होणार नाही. राग माझ्यावर जाऊ दे. आई, कोऱ्या फॉर्मवर सही मागायला कुणी घरी आलं तर चहा दे आणि चष्मा सापडत नाही म्हण.

तुमची,
लेक