रीतसर आउट

परळ, मुंबई
रविवार सकाळ

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तराला उशीर झाला म्हणून शिव्या घालशीलच, त्या पोचल्या असं समज. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच हसून सगळी वाट लावली असतीस, म्हणून लिहितोय. आमचे चिरंजीव शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये आहेत.

झालं हसून? मे महिन्यात तुझ्याकडे आला होता तेव्हा सारवलेल्या सपाट अंगणात पडून त्याने गुडघे फोडून घेतले होते, तोच हा. वर्षात वीतभर उंच झालाय, पण आपले हातपाय नेमके कुठे संपतात याची त्याला अजून खबर नाही. हिने त्याच्यापुरते काचेचे ग्लास बंद केलेत.

त्याला घेतला तो काही खेळ बघून नव्हे. आपल्या वेळी शाळेत एकेका इयत्तेच्या अ ते फ तुकड्या होत्या, आठवतं? आता नववीचा एकच वर्ग, आणि त्यातलेही मागचे बाक रिकामे. टीममधल्या तिघांना घरच्यांनी दहावीच्या क्लासला घातलं, उरले पाच. मैदानात पाचच लागतात, पण पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, म्हणजे बाकावर कुणीतरी हवंच. सरांनी वर्गात विचारलं, ‘कोण येतंय?’ याचा हात वर. (हात वर करताना शेजारच्याचा चष्मा पडला, ते सोड.) ही टीम गेल्या वर्षी एकही मॅच जिंकलेली नाही. सर मुळात भूगोलाचे. पी.टी.चे सर निवृत्त झाले, जागा भरलीच नाही, मग शिट्टी आली यांच्या गळ्यात.

कोर्ट म्हणजे आपलं प्रार्थनेचं पटांगण. बोर्ड एकच, रिंग पुढे कललेली. ‘बाबा, दहा फूट म्हणजे काय, हंडीचा दुसरा थर!’ असं म्हणाला खरा, पण पहिल्या महिन्यात एक बॉल रिंगला शिवला असेल तर शपथ. एक तेवढा मुख्याध्यापकांच्या खिडकीतून आत गेला.

सरांनी मात्र एक गोष्ट हेरली, जी मला बाप असून चौदा वर्षांत दिसली नव्हती. हा धडपडतो तो हलताना. एका जागी उभा केला की खांब! आणि या खेळात नियम असा की तू आधीच जागा धरून उभा असशील आणि बॉलवाला येऊन तुझ्या छातीवर आदळला, तर फाउल आदळणाऱ्याचा. बॉल तुमचा. सर रोज त्याला एवढंच सांगायचे, ‘पाय रोव. जागा सोडू नकोस.’ घरी सराव चालायचा स्वयंपाकघराच्या दारात. आई कुकर घेऊन उभी, आणि हे ध्यान हात छातीशी धरून म्हणतंय, ‘आजी, ये, आदळ.’

परवा सरांनी नागपाड्यात मैत्रीची मॅच ठरवली. नागपाडा म्हणजे बास्केटबॉलचं माहेर. भारताचे कॅप्टन झालेले, 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुंतसिर तिथलेच. तिथली पोरं रांगायच्या आधी ड्रिबल करत असावीत. मी अर्धी रजा टाकून गेलो.

आपला एक जण जखमी झाला तेव्हा हा उतरला. समोर एक बुटका, विजेसारखा पोरगा. पहिल्यांदा धडकला, शिट्टी, फाउल आपल्या पोराचा, कारण याचे पाय सरकले. दुसऱ्यांदा तेच. मी मान खाली घातली. तिसऱ्यांदा मात्र पोरगा हलला नाही. धप्पकन आवाज आला, दोघेही आडवे, आणि पंचाने बॉल आपल्याला दिला! त्या बुटक्यानेच हात देऊन याला उठवलं, आणि हा हसत होता. कोपर सोलवटलेलं, पण हसत होता.

पुढे अतिउत्साहात त्याने आणखी तीन फाउल केले आणि बाहेर गेला. शेवटची तीन मिनिटं आपले चौघेच. हरलो 41–14.

मॅच संपल्यावर त्याने सरांकडून स्कोअरशीट मागून घेतलं. नावापुढे गुण शून्य, फाउल पाच. मोबाइलवर त्याचा फोटो काढून मला दाखवला, हिला दाखवला, खालच्या वाण्यालाही दाखवला. ही म्हणाली, ‘यात मिरवण्यासारखं काय आहे?’ मी गप्प बसलो. तिला कसं सांगू? चाळीत लगोरी खेळताना तुम्ही मला लिंबूटिंबू ठेवायचात, बॉल पाठीत बसला तरी मी आउट नाही, आणि हे ठरवायचास तू. ते मी विसरलेलो नाही, बरं का. माझा पोरगा पंचाने शिट्टी मारून, बोट दाखवून, कागदावर लिहून आउट केलाय.

पुढची मॅच पंधरा दिवसांनी आहे. जुने नी-कॅप पडले असतील तर गणपतीत येताना आण, आणि दारातून आत येताना जपून ये. वहिनींना नमस्कार.

तुझा,
लिंबू