मुक्त व्यंगचित्रकाराचे नाव, मानधन आणि हक्क

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी अंकांसाठी लेखक-चित्रकारांना निमंत्रणे जाऊ लागली आहेत. या निमित्ताने सीमाभागातील मराठी वृत्तपत्रे, दिवाळी अंक आणि सार्वजनिक मंडळे यांच्यापुढे एक विषय मांडावा, म्हणून हे पत्र लिहीत आहे. कोणत्याही वृत्तपत्राच्या नोकरीत नसताना, बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात राहून व्यंगचित्रे काढणारे आम्ही मोजकेच आहोत. आमची चित्रे छापून येतात, आवडीने पाहिली जातात आणि अलीकडे मोबाइलवरून गावोगाव पोहोचतात. पण चित्राखाली नाव राहील, ठरलेले मानधन वेळेवर मिळेल आणि चित्र पुन्हा वापरताना आम्हाला विचारले जाईल, यांपैकी एकाही गोष्टीची शाश्वती आज नाही.

या कामाचे स्वरूप बहुतेक वाचकांना ठाऊक नसते. सकाळी मराठी, कन्नड आणि इंग्रजी वृत्तपत्रे वाचून दिवसाचा विषय ठरवायचा, दुपारच्या आत दोन-तीन कच्ची रेखाटने संपादकांकडे धाडायची, त्यांनी एक निवडले की ते पक्के करून पान लागण्याआधी पोहोचवायचे, असा साधारण क्रम असतो. संध्याकाळी मोठी बातमी आली की दुपारी पसंत पडलेले चित्र बाजूला पडते. नोकरीतल्या चित्रकाराचा पगार त्यामुळे थांबत नाही, मुक्त व्यंगचित्रकाराचा मात्र तो दिवस पूर्णपणे बुडतो, कारण आपल्याकडे न छापलेल्या चित्राचे मानधन देण्याची पद्धतच नाही. चित्र संपादकांनी मागवले होते, त्यांनीच निवडले होते आणि ते वेळेत पोहोचलेही होते. अशा चित्राचे निदान अर्धे मानधन मिळावे, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

प्रत्यक्ष रेखाटनातही पुष्कळ विचार असतो. एका कॉलमात बसणारे चित्र छापताना इतके लहान होते, की मोठ्या कागदावर सुबक दिसणारी बारीक रेघ तिथे तुटते किंवा नाहीशी होते. शिवाय वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरत असल्यामुळे सावलीसाठी काढलेल्या जवळजवळच्या रेघा एकमेकींत मिसळून काळा डाग होतो. म्हणून कुठली रेघ जाड ठेवायची, कुठे कागद कोरा सोडायचा आणि खालची ओळ किती शब्दांत आटोपायची, हे आधीच ठरवावे लागते. ऊसबिलावरच्या चित्रात ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्या, वजनकाटा आणि शेतकऱ्याचा चेहरा एवढेच दाखवायचे असले, तरी ट्रॉलीत ऊस कसा रचतात आणि काट्यावर शेतकरी कुठे उभा राहतो, हे नीट ठाऊक असावे लागते. त्यात चूक झाली तर कडोली किंवा येळ्ळूरचा वाचक ती लगेच ओळखतो, आणि मग चित्रातल्या मुद्द्यावरचा त्याचा विश्वासही कमी होतो. टॅबलेटवर काम करू लागल्यापासून शाई वाळण्याची वाट पाहावी लागत नाही, पण हा अभ्यास काही टळलेला नाही.

सीमाभागातल्या वाचकासाठी या कामाला वेगळे महत्त्व आहे, असे मी मानतो. टिळकवाडीच्या रेल्वे गेटापाशी होणारा खोळंबा, राकसकोप जलाशयाचे पाणी, २०१६ मध्ये पहिल्याच यादीत स्मार्ट सिटी म्हणून निवड झालेल्या आपल्या शहरातले खोदलेले रस्ते, सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरले की शहरावर येणारा ताण, मराठी माणसाला कन्नडमधून मिळणारी सरकारी कागदपत्रे, हे विषय पुण्या-मुंबईचा चित्रकार काढणार नाही आणि काढावेत अशी अपेक्षाही नाही. ते इथे राहणाऱ्यानेच काढायचे आणि इथल्या वृत्तपत्रानेच छापायचे आहेत. त्यावर गुजराण होत नसेल, तर चित्रकार नाइलाजाने लग्नाच्या स्वागत समारंभात पाहुण्यांची अर्कचित्रे काढील, खासगी प्रकाशकांच्या शालेय पुस्तकांची चित्रे करील. ही कामे मीही करतो आणि त्यांत कमीपणा मानत नाही. परंतु त्यात गेलेला वेळ गावाच्या प्रश्नांवरच्या चित्रांतूनच वजा होतो. मग त्या जागी दुसऱ्या कुठल्या शहरातले, दुसऱ्याच कुणाच्या प्रश्नावरचे चित्र येते.

या मातीला व्यंगचित्रकलेची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. शि. द. फडणीस यांचा जन्म २९ जुलै १९२५ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या भोज या गावी झाला. एकही ओळ न लिहिता केवळ रेषेतून हसवणारी त्यांची चित्रे मराठी घराघरांत पोहोचली. ती पाहायला भाषा आड येत नाही, हे आपल्यासारख्या दोन भाषांच्या प्रदेशाला विशेष मोलाचे वाटावे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचे दुकान काढले ते बेळगावात, आणि पुढे किर्लोस्करवाडीहून १९२० साली निघू लागलेल्या ‘किर्लोस्कर’ मासिकाचे संपादक शं. वा. किर्लोस्कर स्वतः उत्तम व्यंगचित्रकार होते. संपादकाच्या हाती कुंचला असल्यावर त्या नियतकालिकात चित्राला कोणते स्थान मिळते, हे जुने अंक चाळणाऱ्याला सहज दिसते.

आता तक्रारीकडे येतो. गणेशोत्सवात एका मंडळाने माझे चित्र मोठ्या फलकावर छापले. चित्र लोकांना आवडले, याचा मला आनंदच झाला; पण कोपऱ्यातली सही कापून तिथे देणगीदाराचे नाव घातले होते. विचारणा केली तेव्हा कार्यकर्त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, की चित्र मोबाइलवर आले आणि ते कुणाचे तरी असते हे मनातच आले नाही. दुसऱ्या एका ठिकाणी दिवाळी अंकासाठी दिलेली चित्रे पुढे दिनदर्शिकेत वापरली गेली आणि त्याचे मानधन मागितल्यावर प्रसिद्धी मिळाली ना, असे उत्तर आले. हे अनुभव माझ्या एकट्याचे नाहीत.

याबाबत कायदा पुरेसा स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतःच्या कल्पनेने चित्र काढून ते प्रसिद्धीसाठी देणारा मुक्त चित्रकार त्या चित्राचा पहिला हक्कदार असतो. तो हक्क दुसऱ्याकडे द्यायचा तर कलम १९ नुसार ते लेखी आणि सहीनिशी असावे लागते, आणि लेखात मुदत सांगितली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. कलम ५७ प्रमाणे हक्क विकून टाकल्यावरही हे चित्र माझे आहे असे म्हणण्याचा अधिकार चित्रकाराकडे राहतो. चित्रावरचा कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर आणखी ६० वर्षे टिकतो. तरीही एका चित्रासाठी कोर्टकचेरी करणे आमच्यापैकी कोणालाही परवडणारे नाही, आणि ज्यांच्यासोबत वर्षानुवर्षे काम करायचे त्यांच्याशी भांडण कोणाला हवेही नसते. म्हणूनच मी नियमांपेक्षा रिवाजाची अपेक्षा अधिक करतो.

हा रिवाज आपल्या वृत्तपत्राने सुरू करावा, अशी माझी विनंती आहे. चित्र मागवतानाच मानधन किती, ते कोणत्या तारखेपर्यंत आणि चित्र किती वेळा वापरणार, एवढे चार ओळींत ईमेलवर कळवावे. चित्र लहान करताना किंवा कापताना सही शाबूत राहील हे पान लावणाऱ्यांनी पाहावे. आणि वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर चित्राबरोबर चित्रकाराचे नाव अक्षरांतही द्यावे, म्हणजे पुढे कुणी सही कापली तरी मूळ सापडेल. कडोली, सांबरा, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी येथे गावकऱ्यांच्या बळावर साहित्य संमेलने भरतात. तिथे कविसंमेलनाला जशी हक्काची वेळ असते, तसे एखादे सत्र व्यंगचित्रांना मिळाले तर गावातल्या मुलांना हे काम जवळून पाहता येईल. अशा सत्रासाठी कागद-कुंचला घेऊन यायला मी तयार आहे, प्रवासखर्च नको.

आपल्या यंदाच्या दिवाळी अंकाचे निमंत्रण चित्रकारांना पाठवताना वरील तपशील त्यातच नमूद झाला, तर इतर अंकांच्या संपादकांनाही तोच मजकूर दाखवून आम्हाला बोलणे सोपे जाईल.

आपला,
एक मुक्त व्यंगचित्रकार
टिळकवाडी, बेळगाव