धान्य देणाऱ्या यंत्राची परीक्षा धान्यानेच व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिधावाटपासाठी ‘धान्याचे एटीएम’ बसवण्याविषयी आपल्या दैनिकात आलेले वृत्त आणि त्यावर छापलेली वाचकांची पत्रे मी लक्षपूर्वक वाचली. या यंत्रामुळे काटामारी कायमची बंद होईल असे काही पत्रलेखकांना वाटते, तर काहींच्या मते ही सरकारी पैशाची आणखी एक उधळपट्टी आहे. मी 34 वर्षे वजनकाटे दुरुस्तीचा परवानाधारक व्यवसाय केला असून आता ते काम मुलाच्या हाती सोपवले आहे. या अनुभवावरून मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. हे यंत्र बरोबर तोलते की नाही ते तपासायचे कसे, याविषयी कोणीच बोलताना दिसत नाही. आणि साध्या काट्यावर लोखंडी वजने ठेवून आपण जशी तपासणी करतो तशीच याही यंत्राची केली, तर माप कमी देणारे यंत्रही त्या परीक्षेत बिनदिक्कत उत्तीर्ण होईल.

असे यंत्र आपल्या देशात अगदी नवे नाही. जुलै 2021 मध्ये हरियाणातील गुरुग्राम जिल्ह्यातल्या फर्रुखनगर येथे ते प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाले आणि ऑगस्ट 2024 मध्ये ओडिशा सरकारने भुवनेश्वरच्या मंचेश्वर भागात तांदळाचे यंत्र सुरू केले. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने या यंत्राला ‘अन्नपूर्ती’ असे नाव दिले आहे. शिधापत्रिकाधारकाची ओळख पटली की त्याच्या वाट्याचे धान्य नळीतून थेट पिशवीत पडते. 5 मिनिटांत 50 किलोपर्यंत धान्य मिळते आणि चूक 0.01 टक्का एवढीच असते, असे सांगितले जाते. 50 किलोचा 0.01 टक्का म्हणजे 5 ग्रॅम. दुकानात वापरतात त्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम अचूकतेच्या, वर्गातल्या काट्याला जास्तीत जास्त 10,000 भाग असू शकतात, म्हणजे 50 किलोच्या काट्यावर एक भाग 5 ग्रॅमचाच होतो. जो आकडा जाहिरातीत दिसतो तो काट्याच्या सर्वांत बारीक घराएवढा आहे. नवे, स्वच्छ, समपातळीत बसवलेले यंत्र तो गाठत असेल, याविषयी मला शंका घ्यायची नाही. दोन पावसाळे काढलेले यंत्र काय देते, हा माझा प्रश्न आहे.

साधा इलेक्ट्रॉनिक काटा आणि हे यंत्र यांत फरक कोणता, ते आधी सांगायला हवे. काट्याच्या ताटाखाली लोडसेल नावाचा धातूचा ठोकळा असतो. त्यावर भार आला की तो डोळ्यांना दिसणारही नाही इतका वाकतो, त्याला चिकटवलेल्या बारीक तारांचा विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलाचे आकडे होऊन ते पडद्यावर उमटतात. धान्य देणाऱ्या यंत्रातही हाच लोडसेल असतो. मात्र त्याच्या वर धान्याची टाकी, टाकीखाली थरथरणारी पन्हळ किंवा फिरणारे मळसूत्र आणि धार तोडणारी झडप असा सगळा संसार असतो. आधी मोठ्या धारेने धान्य सोडायचे, मागितलेले वजन जवळ आले की धार बारीक करायची आणि ठरलेल्या आकड्यावर झडप मिटायची, ही त्याची रीत आहे. झडप मिटेपर्यंत आणि मिटल्यावरही वाटेतले धान्य खाली पडतच राहते, म्हणून यंत्राला मागितलेल्या वजनाच्या थोडे आधीच थांबावे लागते. किती आधी थांबायचे हे बसवणारा माणूस ठरवतो आणि यंत्रात भरून ठेवतो. आमच्या धंद्यात याला ‘कटऑफ’ म्हणतात. काटा कितीही खरा असला तरी कटऑफ चुकला की माप चुकले.

याचा प्रत्यय मला काही वर्षांपूर्वी आला. आमच्या भागातल्या एका मोठ्या किराणा दुकानात सुटी डाळ, कडधान्ये आणि तांदूळ यंत्राने देण्याची सोय केली होती. पडद्यावर वजन टाकायचे, पिशवी धरायची, माल आपोआप पिशवीत. एका ताईंनी घरच्या काट्यावर तूरडाळ तोलून पाहिली, ती कमी भरली, त्यांनी तक्रार केली आणि मला बोलावणे आले. मी नेहमीप्रमाणे वजने काढली आणि यंत्राच्या तोलणाऱ्या भांड्यात एकेक करून ठेवली. 200 ग्रॅम, 500 ग्रॅम, 1 किलो, 2 किलो, सारे ग्रॅमला ग्रॅम बरोबर. त्याच वर्षी झालेल्या पडताळणीचा शिक्काही यंत्रावर होता. व्यवस्थापकांनी माझ्याकडे ‘बघा, आम्ही सांगत नव्हतो का’ अशा नजरेने पाहिले. मग मी माझा स्वतःचा शिक्क्याचा काटा शेजारी मांडला आणि यंत्राकडून एक-एक किलो तूरडाळ दहा वेळा मागून घेतली. सर्वांत कमी भरली ती 982 ग्रॅम आणि सर्वांत जास्त 991. दहापैकी एकदाही किलो पूर्ण भरला नाही. यंत्राच्या पडद्यावर मात्र दहाही वेळा 1.000 हाच आकडा होता. मसुराची डाळ तोलली तर ती 998 ते 1003 च्या दरम्यान, म्हणजे व्यवस्थित होती.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. यंत्र बसवताना कटऑफ कोरड्या डाळीवर ठरवला होता आणि आता टाकीत तेल लावलेली तूरडाळ होती. तेल लावलेली डाळ पन्हळीतून सावकाश सरकते, त्यामुळे यंत्र थांबल्यानंतर पडणारी डाळ अपेक्षेपेक्षा कमी होती आणि तेवढी तूट प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पिशवीत जात होती. फरक 20 ग्रॅमच्या आत असेल तर बोभाटा करायचा नाही, अशीही एक सूचना यंत्रात भरलेली होती. शिवाय गिऱ्हाइकासमोरचा पडदा मिळालेले वजन दाखवतच नव्हता, तो मागितलेले वजन दाखवत होता. व्यवस्थापकांनी मला, पाकिटबंद किलोच्या मालाला नियमाने 15 ग्रॅमची सूट असते, असेही सुनावले. ती सूट आधी बांधून ठेवलेल्या पाकिटांसाठी आहे आणि तिथेही सगळ्या पाकिटांची सरासरी कमी येऊन चालत नाही; गिऱ्हाइकासमोर तोललेल्या सुट्या मालाला ती लागू नाही, हे त्यांना समजावून सांगावे लागले. त्या दुकानात कोणाची दानत खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण चूक उलट बाजूने असती, रोज प्रत्येक किलोमागे 15 ग्रॅम डाळ जास्त जात असती, तर ती पहिल्याच संध्याकाळी सापडली असती, एवढे मात्र मी खात्रीने सांगतो.

आता हेच यंत्र शिधावाटप दुकानात आहे अशी कल्पना करावी. तेथे येणारा तांदूळ दर महिन्याला सारखा नसतो. कधी कण्या जास्त, कधी ओल जास्त, कधी दाणा जाड. गव्हाची चाल आणखी वेगळी. पोत्याच्या शिवणीची सुतळी धान्यात येते आणि ती झडपेत अडकली की झडप पुरती मिटत नाही. टाकी शिगोशीग भरलेली असताना धार एक असते आणि तळाशी चार पोती उरली की दुसरी. गोदामे आणि दुकाने म्हटली की उंदीर आलेच, आणि लोडसेलची वायर ही उंदरांची आवडती वस्तू आहे. ती पूर्ण तुटली तर बरे, निदान यंत्र बंद तरी पडते, पण अर्धवट कुरतडलेली वायर ओल धरते आणि आकडे दिवसभर खालीवर होत राहतात. वेगाचाही मोह वाईट. पडत्या धान्याचा मार लोडसेलला वजनासारखाच भासतो, म्हणून धान्य स्थिर होईपर्यंत क्षणभर थांबून मगच आकडा घ्यावा लागतो. रांग वाढली आणि हा थांबा कोणी कमी केला, तर माप बिघडायला आणखी वेगळे काही करावे लागत नाही.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, 2013 प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो आणि अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब, कुटुंबाला दरमहा 35 किलो धान्य मिळते. त्या दुकानातल्या तूरडाळीत दीड टक्क्याच्या आसपास तूट होती. तीच तूट अंत्योदयाच्या धान्यात धरली तर महिन्याला अर्धा किलो आणि वर्षाला सहा किलोंहून अधिक धान्य जाते. साध्या काट्यावर दुकानदाराने हात राखला तर गिऱ्हाईक निदान त्याच्याशी भांडू तरी शकते. पडद्यावर 35.000 दिसत असताना ती माउली कोणाशी भांडणार?

वैधमापन शास्त्राचे, म्हणजे वजनमापांच्या कायद्याचे, नियम इलेक्ट्रॉनिक काट्यांची वर्षातून एकदा फेरपडताळणी करायला सांगतात, आणि निरीक्षकांना मनुष्यबळ कमी असूनही हे काम चालते, हे मी जवळून पाहिले आहे. प्रत्यक्षात मात्र धान्य देणाऱ्या यंत्रासमोरही बहुतेक वेळा वजने ठेवूनच पाहिले जाते, कारण सवय तीच आहे आणि निरीक्षकांच्या पेटीत वजनेच असतात. त्याने लोडसेलची परीक्षा होते. धार, झडप आणि कटऑफ यांची होत नाही. मी हाताळलेल्या यंत्रांत शिशाचे सील होते ते काट्याच्या मांडणीला. कटऑफचा आणि चालवून घेण्याच्या फरकाचा (त्या दुकानातल्या 20 ग्रॅमसारखा) आकडा त्या सीलच्या बाहेर, चार अंकी पासवर्डमागे होता, आणि तो पासवर्ड बहुतेक ठिकाणी यंत्राच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवलेला असे.

मळसूत्राने माल देणाऱ्या काही स्वस्त यंत्रांना तर लोडसेलच नसतो. ती फेरे मोजतात. इतके फेरे म्हणजे इतका माल, हे आकारमानाचे माप झाले, वजनाचे नव्हे. रवा दमट झाला की त्याच फेऱ्यांत वजन वेगळे भरते, आणि पिठाने टाकीत कमान धरली तर मळसूत्र रिकामेच फिरते. मेट्रिक वजनांचा कायदा 1956 साली झाला, 1958 पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला, तेव्हा आपण चिपटे, मापटे, शेर, पायली यांना निरोप दिला. त्या आकारमानाच्या मापांतही हाच दोष होता. मापाड्याने माप शिगेने भरले की फळी फिरवून, पहिल्या मापाला ‘एक’ऐवजी ‘लाभ’ म्हणत त्याने हात किती हलका ठेवला, यावर शेतकऱ्याचे नशीब ठरत असे. फेरे मोजणारे यंत्र म्हणजे त्याच मापट्याला लावलेली मोटर आहे, आणि शिधावाटपात त्याला थारा असू नये.

माझी मागणी साधी आहे. पडताळणीच्या दिवशी यंत्राकडून प्रत्यक्ष तांदूळ आणि प्रत्यक्ष गहू मागावा, 5 किलो आणि 35 किलो अशा दोन्ही मापांनी, टाकी भरलेली असताना आणि जवळजवळ रिकामी असताना, निदान दहा-दहा वेळा. आणि जे पिशवीत पडेल ते शेजारच्या वेगळ्या, शिक्का असलेल्या काट्यावर तोलावे. दहाच्या दहा तोल एकाच बाजूला झुकत असतील, तर प्रत्येक चूक मर्यादेत असली तरी यंत्राला शिक्का मिळू नये. कटऑफ आणि चालवून घेण्याचा फरक हे दोन्ही आकडे सीलच्या आत जावेत. पडद्यावर आणि पावतीवर मिळालेले वजन यावे, मागितलेले नव्हे. आणि यंत्राजवळ एक साधा काटा व 5 किलोचे शिक्क्याचे वजन कायम ठेवावे, म्हणजे ज्याला शंका येईल तो वजन ठेवून काटा पाहील आणि मग त्यावर आपली पिशवी ठेवील. केंद्र सरकारने जून 2021 मध्ये नियमांत बदल करून, शिधापत्रिकाधारकाची अंगठ्याने ओळख पटवणाऱ्या ई-पॉस यंत्राला इलेक्ट्रॉनिक काटा जोडण्याला प्रोत्साहन दिले, त्यामागे अंगठा आणि वजन यांची गाठ घालावी हाच विचार होता. पावतीवर मागितलेले वजन छापणारे यंत्र आले तर ती गाठ पुन्हा सुटते.

दुकानदारांची एक बाजू मात्र मांडायलाच हवी, कारण ती सहसा कोणी मांडत नाही. 50 किलोच्या रिकाम्या तागाच्या पोत्याचे वजन साधारण 580 ग्रॅम असते. गोदामातून येणारे पोते धान्य धरून 50 किलो 580 ग्रॅम भरायला हवे. ते 49 किलो भरले तर दुकानदाराने काय करावे? बहुतेक ठिकाणी गोदामात पोती मोजून देतात, तोलून देत नाहीत, आणि वाटेत हुक लागून सांडलेले धान्य दुकानदाराच्या नावावर पडते. आजवर ही तूट शेवटी गिऱ्हाइकाच्या पिशवीतून निघत आली, हे उघड गुपित आहे. दुकानात ग्रॅमचा हिशेब ठेवणारे यंत्र बसवायचे आणि गोदामात पोती मोजायची, असे केले तर महिनाअखेर टाकीत खडखडाट असताना रांगेत माणसे उरतील, किंवा कोणीतरी तो चार अंकी पासवर्ड वापरील. म्हणून दुकानात यंत्र येण्याच्या आधी गोदामाच्या दारात प्लॅटफॉर्म काटा आला पाहिजे, आणि दुकानदाराच्या सहीच्या पावतीवर पोत्यांच्या संख्येशेजारी त्यांचे वजनही आले पाहिजे.

आपला नम्र,
एक निवृत्त काटा-दुरुस्तीकार, मिरज