चौथा माणूस पाहिजे होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साथीच्या काळात माणसं स्वतःहून कामाला का पुढं येतात, यावरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख चांगला आहे, पण त्यातले ‘सेवाभावाची आंतरिक ऊर्मी’ हे शब्द वाचून हसू आलं आणि मग थोडा रागही आला. मी औसा तालुक्यातला शिंपी. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात कोरोनानं गेलेल्यांना अग्नी देणाऱ्या टोळीत मी होतो. आम्ही अकरा जण होतो. त्यातल्या एकालाही ऊर्मी आल्याचं मला आठवत नाही.

कोण कशापायी आलं ते सांगतो. पेट्रोल पंपावरचा पोरगा आला तो पासासाठी. गाडीवर ‘अत्यावश्यक सेवा’ चिकटवलेलं असलं की पोलीस काठी उगारत नसत, आणि त्याला गावभर फिरायचं होतं. (कुणासाठी फिरायचं होतं ते पुढं लग्नाची पत्रिका आली तेव्हा कळलं.) एक भावी नगरसेवक आला, त्याचं कारण तर उघडच होतं, पहिले दोन दिवस फोटो काढणारा पोरगा सोबत असायचा. एस.टी.तून रिटायर झालेल्या कंडक्टरचं सुनेशी पटत नव्हतं. ‘घरात कुढून मरण्यापेक्षा बाहेर मरतो,’ म्हणाला. सलूनवाल्याचं दुकान बंद होतं आणि हात रिकामे बसवत नव्हते.

माझं म्हणाल, तर मलाही आधी घराबाहेर पडायला निमित्तच हवं होतं. दोन खोल्या, सहा माणसं, मशीन बंद. २०२० साली शर्टिंगच्या चिंध्यांतून मास्क शिवून वाटले, त्यात सेवा कमी आणि वेळ घालवणं जास्त होतं. पण एप्रिल २०२१ मध्ये एका रात्री दहावीपर्यंत माझ्या बाकावर बसलेल्या मित्राचा फोन आला. मटणाचं दुकान आहे त्याचं. म्हणाला, ‘काय करलालास घरी बसून? तिघं हाव. चौथा पाहिजे. येतूस का?’

एवढंच. तो मला आवाहन करत नव्हता. तिरडीला चार माणसं लागतात, ते तिघं होते, आणि चौथा म्हणून त्यानं माझं नाव घेतलं. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण मला किल्लारी आठवली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही पोरं एका ट्रकमधून तिकडं गेलो. मदतीला गेलो असं पुढं सगळ्यांना सांगितलं, खरं म्हणजे बघायला गेलो होतो. मातीत बसवलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाची माती, असं घरच्या घर माणसांवर बसलेलं. एका ढिगाऱ्यापाशी एक म्हातारा एकटाच दगड काढत होता. ‘लेकरा, हितं जरा हात लाव,’ म्हणाला. मी चार दगड काढले असतील. मग वास आला, पोटात ढवळलं, आणि लघवीचं निमित्त करून मी जाऊन ट्रकमध्ये बसलो. अठ्ठावीस वर्षं हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. फोनवर मी ‘येतो’ म्हणालो तो मित्रासाठी नाही, त्या म्हाताऱ्यासाठी.

आता याला प्रेरणा म्हणायचं असेल तर म्हणा. मी उधारी म्हणतो.

लेखात राहून गेलेली गोष्ट अशी, की माणूस ज्या कारणानं येतो त्याच कारणानं टिकत नाही. फिरायला आलेला पंपावरचा पोरगा शेवटच्या दिवसापर्यंत होता. भावी नगरसेवकाचा फोटोवाला तिसऱ्या दिवशी घरच्यांनी अडवला. आम्हाला वाटलं, आता हाही जाणार. तो राहिला, आणि लाकडं कमी पडली तेव्हा कुणाला न सांगता स्वतःच्या शेतातली दोन बाभळी तोडून घेऊन आला. निवडणूक तर पुढं कित्येक वर्षं लांबली. उलट सर्वात मायाळू माणूस म्हणजे सलूनवाला, तो बाराव्या दिवशी टोळी सोडून गेला. मरणाला भिऊन नाही. गल्लीत बोललं जाऊ लागलं, ‘याच्या हातचा वस्तरा नको.’ दुकान उघडल्यावर खायचं काय? त्याला भित्रा म्हणणाऱ्याची दाढी मी स्वतः करीन, कात्रीनं.

मग बाकीचे कशामुळं टिकले? हे लिहायला फार साधं वाटतं. सकाळी सहाला गेटवर यायचं ठरलेलं होतं, आणि आपण गेलो नाही तर बाकीचे तिघं खोळंबणार हे माहीत होतं. कंडक्टर वहीत हजेरी मांडायचा, जणू गाडी सुटणार आहे. कुणीतरी रोज थर्मासमधून चहा पाठवायचं. अंगावर पीपीई किट असायचं, जसं असेल तसं. ते काखेत आणि आसनात उसवायचं, कारण शिलाईवरची पट्टी नीट चिकटवलेली नसायची. मी आदल्या रात्री सगळी किटं उलटी करून शिवणींवर टेप लावायचो. ‘तुझ्या टेपवर आमचा जीव हाय,’ असं एकजण म्हणाला, त्यानंतर घरी बसणं मला जमलंच नसतं.

मित्राचा रोजा असायचा. एप्रिलच्या उन्हात त्या प्लॅस्टिकमध्ये, पाण्याचा घोट नाही. १४ मे २०२१ ला रमजान ईद आणि अक्षय्य तृतीया एकाच दिवशी आली. पितरांची घागर भरायच्या दिवशी आम्ही दुसऱ्यांच्या पितरांना पोचवत होतो, आणि दुपारी त्याच्या घरून शीरखुर्म्याचा डबा गेटवर आला. एका वार्ताहरानं त्याची बातमी केली, सलोख्याची. मित्र चिडला. ‘दहावीपर्यंत एका बाकावर बसलो तेव्हा नाही झाली बातमी?’ संपादक साहेब, हे तुमच्या दैनिकाबद्दल नाही, पण लक्षात असू द्या.

आमच्या वॉर्डात घरोघर आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना मी तेव्हा म्हणालो होतो, तुम्ही आम्ही सारखेच. त्या म्हणाल्या, ‘नाही दादा. तुम्हाला वाटलं म्हणून तुम्ही आलात, मला यावंच लागतं.’ खरं आहे. आशांना कागदोपत्री स्वयंसेविका म्हणतात, म्हणजे पगार द्यायला नको. कोरोनाच्या कामाचे केंद्राकडून महिन्याला हजार रुपये ठरले होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली त्यांचा गौरव केला, पण त्याआधी २०२१ च्या जूनमध्ये याच बायांना महाराष्ट्रात संपावर जावं लागलं होतं. स्वयंसेवा हा शब्द कुणाला चिकटवायचा हे एकदा ठरलं पाहिजे.

कोविड योद्ध्यांच्या सत्कारात प्रत्येक वक्ता सावित्रीबाईंचं नाव घ्यायचा, आणि घ्यावंच. पण अर्धंच सांगायचे. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या वस्तीतलं आजारी लेकरू त्यांनी पाठीवर घेतलं, ते कुठं नेलं? मुलगा डॉक्टर यशवंतनं हडपसरजवळ दवाखाना उघडला होता, तिथं. न्यायला जागा होती, पोचल्यावर बघणारं कुणी होतं. त्याच आजारानं १० मार्चला त्या गेल्या. त्यांचं धाडस यानं तसूभर कमी होत नाही. पण दवाखानाच नसता तर ते लेकरू घेऊन त्या कुठं गेल्या असत्या, हे भाषणात कुणी विचारत नाही.

आपल्याच लेखात ब्रिटनचा दाखला आहे: मार्च २०२० मध्ये तिथल्या सरकारनं अडीच लाख स्वयंसेवक मागितले आणि साडेसात लाखांवर लोकांनी नावं दिली. लेखकाला त्यात माणुसकी दिसली. पुढं त्यातल्या पुष्कळांना कामच मिळालं नाही, हे लेखात नाही. माणसं कमी पडत नाहीत हो. त्यांना नावानं बोलावणारा आणि काम नेमून देणारा कमी पडतो.

पुढं ‘आपदा मित्र’ म्हणून केंद्राची योजना आली, ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करायची. चांगलीच आहे. पण ती आखली पूर, दरड, चक्रीवादळ, भूकंप यांच्यासाठी. भूकंपात ढिगारा उपसणाऱ्याला गाव डोक्यावर घेतं. साथीत प्रेत उचलणाऱ्याच्या घरच्यांना शेजारी नळ वापरू देत नाहीत. हा फरक तयारीत धरला पाहिजे. आरोग्य कर्मचाऱ्यांना ५० लाखांचा विमा जाहीर झाला होता. आमची नोंदच कुठं नव्हती. प्रत्येक तालुक्यात नाव, रक्तगट आणि कोण काय करू शकतो याची एक वही असावी, विमा त्या वहीवरून मिळावा, आणि सलूनवाल्यासारख्याचं दोन महिन्यांचं भाडं कुणीतरी भरावं. प्रमाणपत्रं नकोत. माझं मशीनच्या खणात आहे, त्यावर बॉबिन ठेवतो.

आपला लेख वाचून कंडक्टरची ती हजेरीची वही मागवून घेतली. कंडक्टर स्वतः आता नाही, वही त्याच्या सुनेनं जपून ठेवली होती. बाकीच्या नऊ जणांना फोन लावले. पाच लागले. पंपावरचा पोरगा आता पुण्याला कंपनीत आहे, शिफ्टमध्ये होता. माझा आवाज ऐकून घाबऱ्या घाबऱ्या म्हणाला, ‘काका, परत आलंय का काय? निघू का?’

म्हटलं, नाही रे. नंबर चालू आहे का बघत होतो.

आपला,
एक शिंपी, ता. औसा, जि. लातूर
(नाव छापू नये ही विनंती. कंडक्टरची सून आपला पेपर वाचते.)